अंगणातल्या दगडी फरशीवरचे तेल, तूप आणि ग्रीसचे डाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणत्यांखाली उमटलेली काळी वर्तुळं, फराळाच्या कढईतून उडालेलं तेल, गाडीखाली साचलेलं ऑइल. दिवाळी संपली की आणि पुन्हा मे महिन्यातली लग्नकार्यं उरकली की हेच प्रश्न येऊ लागतात. ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. अ‍ॅसिडची बाटली हातात घेऊन हे वाचत असाल, तर ती खाली ठेवा आणि आधी प्रश्न ४ वाचा.

१. तेल आत्ताच सांडलंय. सगळ्यात आधी काय करू?

पाणी ओतू नका आणि फडक्याने घासू नका. पाण्याने तेल पसरतं, घासल्याने ते दगडात दाबलं जातं. जुन्या सुती कापडाने किंवा टिश्यू पेपरने वरून नुसतं टिपून घ्या. कडेकडून मध्याकडे टिपत या, म्हणजे डाग मोठा होत नाही. फिकट दगडावर छापील वर्तमानपत्र ठेवू नका, तेलाबरोबर त्याची शाई उतरते.

मग त्यावर कोरडी भुकटी पसरा. मुलतानी माती, टाल्कम पावडर, कॉर्नफ्लोअर, लाकडाचा बारीक भुसा, यातलं जे घरात असेल ते घ्या. बेसन किंवा कणीकही चालते, पण रात्रभर ठेवली तर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते. थर चांगला जाड द्या, पायाने हलकेच दाबा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कोरड्या झाडूने झाडा. भुकटी तेलकट, गडद झालेली दिसली तर दुसरा थर द्या. साबणपाण्याची वेळ त्यानंतर येते (प्रश्न ५). पहिल्या दिवशी एवढं केलं की बहुतेक डाग लेपापर्यंत (प्रश्न ७) पोहोचतच नाहीत.

२. दगड एवढा कडक असतो, मग पुसलं तरी डाग का राहतो?

कारण डाग फरशीच्या वर नसतो, आत असतो. घट्ट दिसणाऱ्या दगडातही डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि तेल त्यांतून आपोआप आत ओढलं जातं. उन्हाने फरशी तापलेली असेल तर तेल आणखी पातळ होतं आणि आणखी खोल जातं. पाणीही असंच आत जातं, पण ते वाळून निघून जातं. तेल उडून जात नाही. छिद्रं तेलाने भरली की दगडाचा तेवढा भाग गडद दिसतो. तोच आपला डाग.

पुढे खाद्यतेलावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो. आधी ते चिकट होतं, मग पिवळट पडून कडक होत जातं. म्हणून पंधरा दिवसांचा डाग आणि दोन वर्षांचा डाग यांचे उपाय वेगळे आहेत. घासून फक्त वरचा थर निघतो. आत मुरलेलं तेल बाहेर ओढून घ्यावं लागतं. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

३. आमच्या अंगणात नेमका कोणता दगड आहे ते कसं ओळखायचं?

हे कळल्याशिवाय कोणतंही औषध लावू नका. आपल्याकडच्या अंगणांत, गच्च्यांवर आणि पायऱ्यांवर साधारण हे दगड दिसतात.

शहाबादी करडी किंवा निळसर करडी असते. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिचं नाव पडलं. तेलंगणातली तांदूर, राजस्थानातली हिरवट-निळी कोटा आणि आंध्रातली काळी कडप्पा हे तिचेच भाऊबंद. चारही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवरही त्याच कुळातला. या सगळ्यांना आम्ल चालत नाही.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. वाड्यांचे चौथरे, जुन्या पायऱ्या, तुळशी वृंदावनं याची असतात. हा ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेला, कठीण दगड आहे. कोकणात आणि गोव्यात तांबडा, भोकाभोकांचा जांभा असतो. ग्रॅनाइटमध्ये चकाकणारे कण दिसतात. सोसायट्यांच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक हा दगडच नव्हे, ते सिमेंट काँक्रीट आहे.

खात्री नसेल तर कोपऱ्यातल्या, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या फरशीवर खिळ्याने बारीकसं ओरखडून लिंबाच्या रसाचा एकच थेंब टाका आणि जवळून पाहा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडीचा दगड किंवा सिमेंट आहे असं समजा. लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण पॉलिश केलेल्या फरशीवर त्या एका थेंबाचाही ठसा राहतो.

४. बाथरूमचं अ‍ॅसिड टाकलं तर डाग पटकन जाईल ना?

नाही. तेलाने जेवढ्या फरश्या कायमच्या बिघडत नाहीत, तेवढ्या या एका उपायाने बिघडतात.

अ‍ॅसिड तेल विरघळवत नाही, ते दगड खातं. शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवरावर पडलं की फेस येतो. तो फेस पाहून वाटतं की डाग सुटतोय, पण सुटत असतो तो दगड. त्या जागी फरशी पांढुरकी आणि खरखरीत होते, तिची छिद्रं मोठी होतात आणि पुढच्या वेळी सांडलेलं तेल आधीपेक्षा खोल जातं. फरश्यांमधल्या सिमेंटने भरलेल्या फटी, म्हणजे दर्जाही पोखरल्या जातात. लिंबू, चिंच, व्हिनेगर हेच काम हळू करतात. 'घरगुती' म्हटल्याने आम्ल सौम्य होत नाही.

आधीच टाकून झालं असेल तर भरपूर पाणी ओता, मग बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा विरघळवून त्याने धुवा आणि पुन्हा साधं पाणी घ्या. गेलेलं पॉलिश मात्र धुण्याने परत येत नाही, त्यासाठी मशीनने घासून घ्यावं लागतं.

आणि कृपा करून अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंदिस्त पोर्चमध्ये किंवा जिन्याखाली तो जिवावर बेतू शकतो.

५. भांडी घासायच्या साबणाने काम होईल का?

डाग ताजा किंवा काही दिवसांचा असेल तर बऱ्याचदा होतं. भांड्यांचं लिक्विड घ्या, वडी नको. बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाची पांढरी साय फरशीवर बसते आणि एका डागाचे दोन होतात.

डागावर थोडं लिक्विड घाला, हाताला सोसेल इतकं गरम पाणी शिंपडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, कारण साबणाला तेल पकडायला वेळ लागतो. मग नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ब्रशने गोल गोल घासा. फेस झाडूने लोटून देऊ नका. फडक्याने टिपून बादलीत पिळा, नाहीतर ते तेल शेजारच्या फरशीत जिरतं. शेवटी स्वच्छ पाणी.

उकळतं पाणी एकदम ओतू नका. शहाबादीचे थर असतात आणि एकदम बसलेल्या उष्णतेने तिचे पापुद्रे सुटू शकतात. तारेची घासणीही नको. तिचे तुकडे छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे तांबडे ठिपके दिसतात.

६. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, राख, रिठा : यातलं खरं उपयोगी काय?

सगळंच उपयोगी आहे, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं.

खायचा सोडा अगदी सौम्य अल्कली आहे. तो एकटा तेल फारसं काढत नाही, पण साबणाबरोबर आणि लेपात चांगला लागतो. धुण्याचा सोडा पुष्कळ तीव्र आहे. अल्कली आणि खाद्यतेल यांचा संयोग झाला की थोड्या तेलाचा साबण बनतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. जुन्या, चिकट झालेल्या खाद्यतेलावर म्हणूनच त्याचा गुण येतो. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पुरेत. हातमोजे घाला आणि हे पाणी तुळशीच्या किंवा कुंड्यांच्या मातीत जाऊ देऊ नका. लाकडाच्या राखेतही अल्कलीच असते. आपल्या आज्या तेलकट भांडी राखेने घासत, ते याच जोरावर. मात्र राखेतला कोळसा फिकट दगडात बसतो, त्यामुळे ती काळ्या दगडापुरती ठेवा. रिठ्याचं पाणी हा चांगला सौम्य साबण आहे, पण त्याचा तपकिरी रंग संगमरवराला लागू शकतो.

कॉस्टिक सोडा घरी वापरू नका. कातडी आणि डोळे जाळणारी वस्तू आहे ती, आणि अंगणात मुलं अनवाणी फिरतात.

अल्कलीने साबण बनतो तो वनस्पती किंवा प्राणिज तेला-तुपाचा. गाडीचं ऑइल आणि ग्रीस ही खनिज तेलं आहेत, त्यांचा साबण बनतच नाही. त्यांच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

७. लेप लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं? नीट सांगा.

नीटच सांगतो, कारण जुन्या डागावर याहून भरवशाचा उपाय नाही.

बशीएवढ्या डागासाठी एक वाटी मुलतानी माती किंवा टाल्कम पावडर घ्या. पांढऱ्या संगमरवरावर टाल्कमच घ्या, कारण मुलतानी मातीत लोह असतं आणि तिची पिवळट झाक मागे राहू शकते. त्यात दोन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड घाला. गरम पाणी थोडं थोडं घालत श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. पातळ झालं तर तेल ओढण्याऐवजी पाणीच आत जातं.

आधी डागाची जागा साबणाने धुऊन घ्या. दगड ओलसर असू द्या, पण वर पाणी साचलेलं नको. मग लेप अर्धा ते एक सेंटिमीटर जाड पसरा. डागाच्या कडेच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेरपर्यंत न्या, नाहीतर तेल कडेला सरकून वर्तुळ उमटतं. वरून प्लास्टिकचा कागद टाका, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि एक दिवस तसंच ठेवा. या वेळात साबणाचं पाणी आत जाऊन तेल सैल करतं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा आणि लेप उघडाच वाळू द्या. इथे बहुतेकांची घाई होते. तेल वर येतं ते लेप वाळताना. ओलावा वरच्या बाजूने उडतो आणि जाताना तेलाला भुकटीत ओढून आणतो. ओला लेप धुऊन टाकला तर आदल्या दिवसाचे कष्ट वाया जातात. लेपाला तडे गेले, कडा उचलल्या, की लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडून काढा. झाडा, धुवा आणि दगड एक-दोन दिवस पूर्ण वाळल्यावरच निकाल पाहा. ओला दगड गडदच दिसतो.

कडक उन्हात लेप लावू नका, तो वरून वाळतो आणि आतलं काम अर्धवट राहतं. संध्याकाळची वेळ बरी.

८. दोनदा लेप लावला, तरी डाग पुसट दिसतोच. सोडून देऊ का?

सोडू नका. पुसट झाला म्हणजे उपाय लागू पडतोय. जुना डाग एका लेपात क्वचितच जातो, तीन-चार लेप नेहमीचेच आहेत. दर वेळी नवी भुकटी घ्या, आधीच्या लेपात तेल भरलेलं असतं.

काहीच फरक पडत नसेल तर दोन शक्यता आहेत. एक, तेल कडक होऊन गेलंय किंवा खनिज तेल आहे. मग पाण्याऐवजी मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवलेला लेप लागतो. रंगाच्या दुकानात ते मिळतं. दगड पूर्ण कोरडा हवा, जागा उघडी आणि हवेशीर हवी, आसपास दिवा, गॅस, विडी काहीही पेटतं नको, हातात मोजे हवेत. आधी कोपऱ्यात करून पाहा, कारण मेण लावलेल्या फरशीची चमक याने जाते. दुसरी शक्यता म्हणजे तो डाग तेलाचा नाहीच. ते कसं ओळखायचं हे प्रश्न १६ मध्ये आहे.

९. पणत्यांखाली काळी वर्तुळं पडलीत आणि रांगोळीचा रंगही त्यात मुरलाय. आधी काय काढू?

आधी काजळी, मग तेल. रंग बहुतेक तेलाबरोबरच येतो.

काजळी कोरडी असतानाच मऊ ब्रशने उचला. ओल्या फडक्याने पुसली तर ती शाईसारखी पसरते. मग सांडलेली रांगोळीही कोरडीच झाडून घ्या. त्यानंतर प्रश्न ५ प्रमाणे साबण. उरलेल्यासाठी प्रश्न ७ मधला लेप. रंगीत रांगोळीतला रंग तेलात मिसळून दगडात गेला असेल तर पहिल्या लेपावरच गुलाबी किंवा हिरवी छटा उमटलेली दिसेल. तो बाहेर येतोय, चांगली खूण आहे.

पुढच्या वर्षासाठी: मातीची पणती तेल पिते आणि बुडातून पाझरते. नव्या पणत्या वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून मग सुकवायच्या, ही जुनी रीत त्यासाठीच आहे. तिने पाझर कमी होतो, पूर्ण थांबत नाही. म्हणून पणतीखाली केळीच्या पानाचा तुकडा किंवा छोटी ताटली ठेवाच. अभ्यंगस्नानाआधी अंगणात पाटावर बसवून तेल लावत असाल तर पाटाखालीही जुनी चादर अंथरा. तिळाचं तेल फरशीवर पायाच्या ठशांसकट उमटतं.

१०. लोणच्याचं तेल सांडलं. सोडा लावला तर डाग चक्क लाल झाला! काय बिघडलं?

काही बिघडलेलं नाही. तो रंग हळदीचा आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागली की तांबडं होतं. कुंकू तयार करण्यामागेही हळदीचा हाच गुण असतो. साध्या पाण्याने सोडा धुऊन काढा, लाली उतरेल आणि पिवळा रंग परत दिसेल.

इथे सोडा न घालता फक्त टाल्कम आणि भांड्यांच्या लिक्विडचा लेप लावा. तेल निघालं की उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, उघड्या अंगणात तो आपोआप फिका पडत जातो. आंब्याच्या लोणच्यात आम्लही असतं, त्यामुळे पॉलिश केलेल्या कडप्प्यावर किंवा कोट्यावर डाग गेल्यानंतरही निस्तेज ठिपका राहू शकतो. तो तेलाचा नव्हे, पॉलिश गेल्याचा.

११. तूप किंवा मेण सांडून गोठलं तर?

गोठलेलं आहे तोवरच काढा. वर बर्फाची पिशवी ठेवून कडक करा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. खोबरेल तेलही थंडीत गोठतं, तेव्हा डिसेंबरच्या सकाळी त्याचंही असंच करता येतं. गरम पाणी टाकून पातळ केलंत तर जे वर आहे ते आत जाईल. खरवडून झालं की पुढे प्रश्न ७.

१२. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर गाडीचं ऑइल गळलंय. सोसायटीत रोज बोलणी खावी लागतात.

ओलं असेल तर लाकडाचा भुसा, भाताचं तूस किंवा कोरडी माती टाका, पायाने चुरा, तासाभराने उचला आणि पुन्हा टाका. मग भांड्यांचं लिक्विड पाणी न घालता थेट डागावर ओता, कडक नायलॉन ब्रशने घासा, अर्धा तास ठेवा आणि त्यानंतरच पाणी घ्या. खनिज तेलाला साबण बनवून नव्हे, साबणात पकडूनच काढावं लागतं. म्हणून लिक्विड भरपूर आणि पाणी उशिरा. वाहनांसाठी मिळणारे डीग्रीझर हेच काम जोरात करतात. लेबल वाचा, आम्ल असलेला घेऊ नका. काँक्रीटलाही प्रश्न ४ लागू आहे.

वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काळी कार्बनची भुकटी असते. तेल निघालं तरी तिची राखाडी सावली राहते. ती पूर्ण जाईल असं आश्वासन मी देणार नाही. पण पेव्हर ब्लॉक वाळूवर मांडलेले असतात, हा मोठा फायदा आहे. डाग पडलेले चार ब्लॉक उचलून कोपऱ्यातल्या, कुंड्यांखालच्या ब्लॉकांशी अदलाबदल करा. उचलल्यावर खालची वाळू सपाट करा आणि सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरा.

आणि गाडीची गळती आधी दुरुस्त करा. तोवर खाली पत्र्याचा ट्रे.

१३. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसलं तर लगेच निघतं म्हणतात.

लगेच नाहीसं झाल्यासारखं दिसतं. रॉकेल ग्रीस पातळ करतं, पातळ झालेलं ग्रीस आणखी खोल जातं आणि रॉकेल स्वतःही तेलकट अंश मागे ठेवतं. दोन दिवसांनी डाग आधीपेक्षा मोठा दिसतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते, ते अंगणात ओतण्याचा विचारही नको. विद्रावक वापरायचंच असेल तर ते भुकटीत कालवूनच, म्हणजे विरघळलेलं तेल जायला जागा मिळते (प्रश्न ८).

१४. कोकणात घर आहे, अंगण जांभ्याचं. ते तर तेल पिऊनच टाकतं.

खरं आहे, आणि इथे थोडं मन मोठं करावं लागतं. जांभ्याची छिद्रं मोठी आणि एकमेकांना जोडलेली असतात. लेप त्यात अडकून बसतो आणि काढताना दगडाचे कण सुटतात. म्हणून आधी ओलं पातळ सुती कापड अंथरा आणि त्यावर लेप द्या, वाळल्यावर कापडासकट उचलता येतो. तारेचा ब्रश आणि जेट पंप दोन्ही वर्ज्य. आम्लाने जांभ्याला फेस येत नाही, पण त्याचा तांबडा रंग लोहाच्या संयुगांचा आहे आणि आम्ल नेमक्या त्यालाच हात घालतं.

जांभ्याची जमेची बाजू अशी की तो तासता येतो. जाणता गवंडी वरचा पातळ थर तासून देऊ शकतो, खाली तोच तांबडा दगड असतो. उघड्या पायरीवरचा वितभर डाग असेल तर मात्र दोन पावसाळे वाट पाहा. ऊन, पाऊस आणि मातीतले जिवाणू मिळून तो बराच कमी करतात.

१५. वाड्याच्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर आणि वृंदावनावर पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल आहे. ते काढावं का?

वाडा तुमचा असेल तर आधी ठरवा की त्रास कशाचा होतोय. पाय घसरतो आहे का? मग पायरीचा चालण्याचा भाग धुण्याच्या सोड्याने (प्रश्न ६) धुवा आणि दोन-तीनदा लेप द्या. काळ्या दगडावर डाग तसाही फार दिसत नाही. त्यातूनही गुळगुळीत राहिली तर पाथरवटाकडून टाकी लावून घ्या. पाट्या-वरवंट्याला लावतात तशीच, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा खरखरीत होतो. कोनाड्यातल्या दिव्याखालचा काळा थर निव्वळ दिसायला नको म्हणून घासू नका. त्याखालचं कोरीव काम झिजलेलं असू शकतं आणि कधी तो थरच त्याला धरून असतो.

देऊळ, बारव, दीपमाळ यांच्या बाबतीत कळकळीची विनंती आहे. उत्साहाने श्रमदान करा, झाडलोट करा, गवत काढा, पण दगडाला साबण, सोडा, अ‍ॅसिड, ग्राइंडर किंवा ऑइलपेंट लावू नका. संरक्षित स्मारकाला हात लावणं १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. संरक्षित नसलेल्या जागीही आधी जाणकार संवर्धकाला दाखवा.

१६. डाग तेलाचा आहे की शेवाळाचा, ते कसं कळणार?

कोरड्या दिवशी त्यावर थोडं पाणी शिंपडा. आजूबाजूचा दगड पाणी पिऊन गडद झाला आणि डागावर पाण्याचे मणी राहिले, तर तेल. डागही पाणी शोषतो आणि नखाने हिरवट-काळं काही निघतं, तर शेवाळ. तांबूस तपकिरी आणि कुंडीच्या स्टँडखाली किंवा लोखंडी फाटकाजवळ असेल तर गंज. झाडाखाली तपकिरी ठिपके असतील तर पानाफुलांचा रंग. या तिघांवर तेलाचे उपाय चालत नाहीत.

१७. पावसाळ्यात हे सगळं करता येईल का?

साबणाने धुणं चालेल, लेप नाही. दगड आधीच पाण्याने भरलेला असतो आणि लेप वाळतच नाही. पावसाळ्यात फक्त घसरण टाळा: तेलकट जागेवर भुकटी टाकून झाडा, साबणाने धुवा, खरखरीत पायपोस टाका. लेप दसऱ्यानंतर.

१८. जेट पंपाने धुतलं तर?

नुसत्या गार पाण्याचा जोर तेलावर फारसा चालत नाही. साबण लावून थांबल्यावर धुण्यासाठी तो ठीक आहे. पंख्यासारखी धार पसरवणारं नोझल लावा, हातभर अंतर ठेवा, एका जागी धरू नका. शहाबादीच्या पापुद्र्यांवर, दर्जांवर आणि पेव्हरच्या सांध्यांतल्या वाळूवर तिरकी धार मारू नका. जांभ्यावर नकोच.

१९. डाग गेला, पण आता तिथे पांढरा ठिपका दिसतोय.

बहुतेक वेळा तो ठिपका म्हणजे तुमच्या फरशीचा मूळ रंग. बाकीच्या फरशीवर वर्षांची धूळ आहे. संपूर्ण फरशी, दर्जेपासून दर्जेपर्यंत, साबणाने धुवा, म्हणजे कड दिसणार नाही. बोटाला पांढरी पूड लागत असेल तर सोडा किंवा माती राहिली आहे, पुन्हा धुवा. हात फिरवल्यावर ती जागा खरखरीत लागत असेल, तर मात्र आम्लाचा घाव आहे (प्रश्न ४).

२०. पुन्हा डाग पडू नये म्हणून सीलर लावावा का? काही जण फरशीला तेलाचा हात मारा म्हणतात.

तेलाचा हात उघड्यावर मारू नका. दोन दिवस काळीभोर चमक दिसते, मग त्यावर धूळ बसते आणि आपण स्वतःच अख्खी फरशी डागाळून ठेवतो.

सीलर (दगडाला लावायचं संरक्षक द्रव्य) लावायचा तर दगडात मुरणारा घ्या, वर थर धरणारा लॅकर नको. लॅकरखाली ओल कोंडते, तो सोलतो आणि पावसात घसरडा होतो. नुसतं पाणी रोखणारा सीलर तेल रोखेलच असं नाही, डब्यावर तेलासाठी स्पष्ट लिहिलेलं हवं. डाग पूर्ण निघाल्यावर आणि फरशी काही दिवस उन्हात वाळल्यावरच लावा, नाहीतर उरलेलं तेल आत बंद होतं. सीलर तेलाला अडवून धरत नाही, आत जायला उशीर लावतो. तेवढ्या वेळात तुम्ही टिपून घ्यायचं. पाण्याचा थेंब काही मिनिटांत फरशी गडद करू लागला की पुन्हा लावायची वेळ झाली.

२१. घरी कार्य आहे. आचारी अंगणातच भट्टी लावणार. फरशी कशी वाचवू?

भट्टीची जागा फरशीवरून मातीवर हलवता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर फरशीवर चार बोटं जाड कोरड्या वाळूचा थर द्या, त्यावर विटा आणि विटांवर भट्टी. वाळू तेल पिते आणि उष्णताही अडवते. थेट आचेने शहाबादी फुटते, तो डाग नव्हे, कायमचं नुकसान आहे. तळणाच्या कढईभोवती दोन हातांवर गोणपाट पसरा. तेलाचे डबे आणि झारे ठेवायला वेगळा पत्रा द्या, कारण सगळ्यात जास्त तेल डब्यांच्या बुडाचंच लागतं. कार्य उरकलं की त्याच संध्याकाळी वाळू उचला.

२२. तेलकट चिंध्या, लेप आणि वाळू कुठे टाकायची?

गटारात किंवा विहिरीजवळ नको. खाद्यतेल शोषलेली माती आणि भुसा कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. वापरलेलं इंजिन ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते बाटलीत भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. जवसाच्या तेलात किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडतात. उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा, मग टाका.

२३. सगळं करून झालं. एका शहाबादीचा डाग हटतच नाही. फरशी उलटी करून बसवता येते का?

वाळूवर किंवा मातीवर नुसती मांडलेली असेल तर बऱ्याचदा येते. खडबडीत शहाबादीच्या दोन्ही बाजू नैसर्गिक थरांच्याच असतात. पहारीने एका कडेने हळू उचला, दोघांनी धरा आणि खालची बाजू धुऊन पाहा. सिमेंटमध्ये बसवलेली असेल तर खालच्या बाजूला मसाला घट्ट धरलेला असतो आणि काढताना फरशी बहुधा तुटते. तेव्हा नवी आणावी लागते. नवी फरशी जुन्यांमध्ये वेगळी दिसेल, म्हणून ती मधोमध न बसवता कडेची एखादी जुनी फरशी डागाच्या जागी आणा आणि नवी कडेला लावा. गवंडी याला जास्तीचं काम म्हणेल, तरी एवढं करून घ्याच.